लिंक्डइन ताणावर सोडलं

परवा रात्री लिंक्डइनचं, म्हणजे नोकरीधंद्याच्या ओळखींच्या त्या साइटवरचं, खातं झोपवलं. बंद नाही केलं, झोपवलं, हायबरनेट म्हणतात त्याला. दोन-तीन मैत्रिणींचे मेसेज आले की तू दिसत का नाहीस, ब्लॉक केलं का आम्हाला, तर नाही गं, कोणालाच ब्लॉक केलं नाही, म्हणून इथंच सगळं लिहून टाकते.

खातं काढलं २०१५ ला, अकोल्याला पीडीकेव्हीत, म्हणजे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात, बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा. मग एका ठिबकच्या कंपनीत ॲग्रोनॉमिस्ट म्हणून लागले, पाच वर्षं पुणे-नाशिक केलं, आणि २०२१ च्या पावसाळ्यात बाबांना लकवा मारला तेव्हा राजीनामा देऊन गावी आले. अमरावती जिल्ह्यातल्या वरूडपासून दहा-बारा किलोमीटर आत. साडेचार एकर संत्रा आहे, बाबांचा उजवा हात अजून वर जात नाही, भाऊ शिकतो, त्यामुळे बाग मीच पाहते.

पण लिंक्डइनवर मी अजून त्या कंपनीतच होते. नोकरी सोडली पण तिथं शेवटची तारीख टाकलीच नाही. आधी वेळ नव्हता आणि नंतर टाकवेना. तारीख टाकली की पुढं काय लिहायचं हा प्रश्न यायचा ना. शेतीची लाज नव्हती कधीच, पण सोबतचे पोरं रीजनल मॅनेजर झाले, एक मैत्रीण नेदरलँडला शिकायला गेली, आणि त्या सगळ्यांसमोर आपण गावी परत आलो हे सांगायचं धाडस होत नव्हतं. चार वर्षं तसंच रेटलं.

ऑक्टोबरमध्ये झाडांना बोर्डो पेस्ट लावणं चालू होतं. डिंक्यासाठी, म्हणजे बुंध्यातून डिंक गळायच्या रोगासाठी, लावावीच लागते, १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी, बुंध्याला ब्रशनं दोन-तीन फुटापर्यंत. दुपारपर्यंत माझी बोटं निळी झाली होती आणि खिशात मोबाईल सारखा वाजत होता. अंगठा लावला तर उघडेना, दुसरं बोट लावलं तरी नाही, चुन्यानं बोटांवरच्या रेषाच जशा पुसून गेल्या होत्या. शेवटी ओढणीला हात पुसून पिन टाकला. तर चौदा जणांचं अभिनंदन, कंपनीत ९ वर्षं पूर्ण झाली म्हणून! आता कंपनीला लागायची तारीख आहे आणि सोडायची नाही म्हटल्यावर साइटला कसं कळणार, चूक माझीच.

आणि त्या चौदांच्या खाली एक जुना मेसेज होता, आठ दिवसांपूर्वीचा. अकोल्याचाच ज्युनिअर. ताई, तुमच्या कंपनीत फील्ड ऑफिसरची जागा निघाली आहे, शेवटची तारीख अमुक, घरची परिस्थिती बरी नाही, रेफर करता का. ती तारीख आदल्या दिवशीच गेली होती. बरं मी त्या कंपनीतच नाही, चार वर्षांपासून! त्या पोरानं माझ्या खात्यावर भरवसा ठेवून आठ दिवस वाट पाहिली, दुसऱ्या कोणाला विचारलं असतं तर कदाचित काम झालं असतं. त्याला फोन करून खरं सांगितलं. तो म्हणला, काही हरकत नाही ताई. पण मला त्या रात्री झोप नाही आली.

तेव्हाच ठरवलं की बंदच करून टाकायचं. मग नीट पाहिलं तर दोन रस्ते आहेत. सेटिंग्जमध्ये अकाउंट प्रेफरन्सेस, तिथं खाली अकाउंट मॅनेजमेंट, त्यात एक हायबरनेट आणि एक क्लोज. क्लोज केलं तर १४ दिवसांच्या आत परत उघडता येतं, त्यानंतर नाही, आणि त्या १४ दिवसांत उघडलं तरी लोकांनी आपल्याबद्दल लिहिलेल्या रेकमेंडेशन्स, म्हणजे शिफारशी, परत येत नाहीत. हे वाचलं आणि माझा हात थांबला.

कारण माझ्या खात्यावर एकच रेकमेंडेशन आहे, माझ्या पहिल्या साहेबांची. सर २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनात गेले. चार ओळी आहेत नुसत्या. त्यात लिहिलंय की ही मुलगी शेतकऱ्याच्या बांधावर उभी राहून बोलत नाही, वावरात उतरून बोलते. ते तर गेले, आता ते वाक्य परत कोण लिहून देणार.

म्हणून क्लोज नाही केलं. हायबरनेट केलं की आपलं पान कोणाला दिसत नाही, आपण पूर्वी पाठवलेल्या मेसेजवर नावाच्या जागी नुसतं लिंक्डइन मेंबर येतं, पण आतलं सगळं शाबूत राहतं आणि लॉगिन केलं की परत चालू. फक्त पहिले २४ तास परत चालू करता येत नाही, तेवढं लक्षात ठेवा, कोणाचा इंटरव्ह्यू वगैरे असेल तर.

त्याच्या आधी दोन कामं केली. एक म्हणजे सगळा डेटा मागवून घेतला, डेटा प्रायव्हसीमध्ये तो पर्याय आहे. त्यात ओळखीच्या लोकांची यादी येते पण बहुतेकांच्या ईमेलचा रकाना रिकामाच असतो, तेव्हा त्या यादीच्या भरवशावर राहू नका, ज्यांच्याशी खरंच बोलायचंय त्यांचे नंबर आधीच मागून घ्या. मी अकरा जणांचे घेतले आणि फवारणीच्या डायरीत मागच्या पानावर लिहिले. त्याच डेटात सरांच्या ओळीही आल्या, वरूडला झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणली. दुसरं काम म्हणजे कंपनीच्या खाली जून २०२१ टाकलं आणि त्याच्यावर लिहिलं, संत्रा बागायतदार, तालुका वरूड. ते लिहिल्यावरच झोपवलं, म्हणजे जेव्हा केव्हा उघडेन तेव्हा खरंच असेल.

बाबा खाटेवर बसून पाहत होते. म्हणले, "काय करून रायली माय इतक्या राती?" त्यांना सांगितलं. "कायमचं बंद केलं का?" नाही बाबा, काही दिवस. "मंग असं म्हण ना, ताणावर सोडलं."

ज्यांच्याकडं संत्रा नाही त्यांच्यासाठी सांगते, आंबिया बहारासाठी, म्हणजे उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्यासाठी, आपण डिसेंबरात बागेचं पाणी तोडतो, त्यालाच ताण म्हणतात, हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना, भारी काळ्या जमिनीत दोन महिन्यांपर्यंत. पानं मलूल होतात, थोडी गळतात, बाहेरचा माणूस पाहून म्हणतो बाग वाळली. बाग वाळलेली नसते, पाणी दिलं की परत फुलते. आमचीही सध्या ताणावरच आहे, त्यामुळे बाबांच्या तोंडात तोच शब्द आला.

मोबाईल आता रात्री कमी हातात येतो, हे खरं. पण त्याहून मोठं म्हणजे ते अकरा फोन. सात जणांशी बोलून झालं, कोणीही म्हणलं नाही की शेतीत कशाला गेलीस, दोघांनी तर कलमांचं विचारलं, जंभेरी लिंबाच्या खुंटावरची हवीत की रंगपूर लिंबाच्या म्हणून मीच उलट विचारलं. त्यातला एक जण आता अमरावतीलाच बदलून आलाय, रविवारी बाग पाहायला येतो म्हणला, आणि बाबांनी घरामागच्या झाडावरची फळं त्याच्यासाठी राखून ठेवा, तोडू नका म्हणून सगळ्यांना बजावून ठेवलंय.