आमची वाटचाल: मासे विकता विकता वाळू हलवायला लागलो

ठाण्यात दुकान टाकलं तेव्हा गप्पी, मॉली, गोल्डफिश आणि प्लॅस्टिकची झाडं एवढाच माल होता. कुर्ल्याहून आणायचा आणि इथे विकायचा. मरीन टँकच्या वाटेला आम्ही उशिरा गेलो. खाऱ्या पाण्याचं काम खर्चाचं, आणि मासा मेला की गिऱ्हाईक आधी दुकानदाराकडे बघतं.

धंद्याला वळण मिळालं ते ठाण्या-मुलुंडच्या रिडेव्हलपमेंटमुळे. जुन्या बिल्डिंगी पडल्या, लोकांना मोठे फ्लॅट मिळाले, आणि तीन फुटी टँकवाल्याला हॉलमध्ये चार बाय दोन बाय दोनचा टँक हवासा वाटायला लागला. मग जुन्या टँकमधलं सगळं नव्यात हलवायचं काम आमच्याकडे यायला लागलं. मासे, काच, पंप कोणीही हलवतं. अडतं ते वाळूपाशी. दोन-तीन वर्षं मुरलेल्या वाळूत माशांच्या घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू असतात, शिवाय बारीक किडे, गोगलगाई. परदेशात नव्या टँकसाठी समुद्रातला 'जिवंत खडक', म्हणजे असे जिवाणू वसलेले मेलेल्या प्रवाळांचे तुकडे, विकत मिळतो. आपल्याकडे दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यामुळे समुद्रातून काढलेल्या खडकाला आम्ही हात लावत नाही, कोणी कितीही पैसे देऊ केले तरी. मग नव्या टँकला विरजण लावायचं तर घरचे जुने खडक आणि जुनी वाळू, एवढंच हाताशी राहतं.

पण सगळी वाळू उचलून ओतायची नाही. आधी जुनं पाणी ड्रममध्ये काढतो, मग खडक, मग मासे, एअरपंप चालूच. टँकमध्ये चार बोटं पाणी राहिलं की वरची साधारण इंचभर वाळू सपाट सुपड्याने अलगद काढायची. हा थर फिकट, मोकळा असतो आणि त्याला समुद्राचा वास येतो. त्याखाली काच खरवडली की कधी काळपट पट्टा दिसतो आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. तो हायड्रोजन सल्फाइड. तिथे प्राणवायू पोचत नाही, खालच्या जिवाणूंचा कारभारच वेगळा. हा थर नव्या पाण्यात ढवळला गेला तर मासे संध्याकाळपर्यंत वर तोंड काढतात. तो आम्ही टाकून देतो. मधली वाळू जुन्याच खाऱ्या पाण्यात खळखळून घेतो. नळाखाली कधीच नाही, क्लोरीनने सगळं मरतं.

वरची वाळू पसरट टबांत, जेमतेम बुडेल एवढ्या खाऱ्या पाण्यात नेतो. खोल बादलीत दाबून भरली आणि घोडबंदर रोडला गाडी अडकली, की खालचा थर तिथेच गुदमरतो. चार बाय दोनच्या तळाला इंचभर थरासाठी सुमारे २८ किलो वाळू लागते. तेवढी जुनी नसतेच. म्हणून खाली धुतलेली नवी अ‍ॅरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची, मरीन टँकची वाळू) आणि वर जुनी. पाणी पाइपने थेट न सोडता ताटलीवर सोडायचं. पाण्याचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे खारेपणाचं माप, १.०२५ च्या आसपास, तापमान २५-२६ अंश. जुन्या टँकशी जुळलं की आधी खडक, शेवटी मासे. पहिला आठवडा रोज अमोनियाची टेस्ट आणि खाणं निम्मं. खरं सांगायचं तर जिवाणूंचा मोठा वाटा खडकांवर असतो. पण खडक नीट हलवून वाळूत घोळ घालणारेच जास्त भेटतात.

'जुहूची वाळू आणली तर?' हे अजून विचारतात. त्यात गाळ, तेल, काय काय असतं; शिवाय ती अ‍ॅरागोनाइट नव्हे.

आता दुकानात मासे थोडेच ठेवतो. मागच्या खोलीत एक टँक नुसत्या वाळूचा आहे. त्यात दोन डॅमसेल (खाऱ्या पाण्यातले छोटे, काटक मासे) सोडलेत, जिवाणूंना खाद्य मिळावं म्हणून. नव्या टँकवाल्याला त्यातली किलोभर देतो. माझा भाऊ तिचे पैसे लावू म्हणतो, मी अजून लावलेले नाहीत. शिफ्टिंगचा दर मात्र लिटरवर नाही, वाळूचा थर किती खोल आहे त्यावर ठरतो. चार इंचांपेक्षा खोल असेल तर आधी घरी येऊन बघतो, मगच तारीख देतो.