आवडतं म्हणून

"तुझं बरं आहे, तुला आवडतं हे सगळं." ताई एवढंच म्हणाली आणि बॅग घेऊन जिना उतरली. रिक्षा खाली उभीच होती. टोमणा नव्हता तो, उलट आवाजात कौतुकच होतं. मग दुपारपासून हे वाक्य मला का डाचतंय?

डाचतंय ते असं, की आवडतं म्हणून करतो म्हटल्यावर केल्याचं काही उरतच नाही. कुणी बाग करतं, कुणी गाणं ऐकतं, मी अंथरुणाला खिळलेल्या अण्णांचं करतो. ज्याची त्याची हौस. नागपूर सोडलं ते हौसेनं. रात्री उठून त्यांची कूस बदलायची, चादर ओली असेल तर पुन्हा सगळं पहिल्यापासून, तीही हौसच. आणि नीलाचं जे झालं ते... तो विषय आज नको.

संध्याकाळभर स्वतःची फार कीव आली. कुणी पाठ थोपटावी असं नव्हतं मनात. पण कष्टाला निदान कष्ट तरी म्हणावं माणसानं.

आणि ताईचं म्हणणं खोटं म्हणावं, तर तेही नाही. मला आवडतं. सकाळी कोमट पाण्यात टॉवेल पिळून त्यांची पाठ पुसायला आवडतं. दाढी झाली की ते डावा हात गालावरून फिरवतात, अगदी सावकाश, आणि डोळे मिटून घेतात. त्या वेळी मला जे वाटतं त्याला सुख नाही म्हणायचं तर मग सुख कशाला म्हणायचं?

अण्णा झोपल्यावर त्यांच्या कपाटातलं गीतारहस्य काढलं. 'आधिभौतिक सुखवाद' या प्रकरणात त्यांच्या जुन्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात टिळक हे लिहीत होते, तेही पेन्सिलीनंच. माणूस दुसऱ्याचं भलं करतो ते शेवटी स्वतःच्याच सुखासाठी का, हा प्रश्न त्यांनी तिथे हॉब्स या इंग्रज तत्त्वज्ञापासून धरलाय. हॉब्सची एक गोष्ट त्याचा चरित्रकार जॉन ऑब्रे यानं लिहून ठेवली आहे, मी वर्गात ती नेहमी सांगायचो. लंडनच्या स्ट्रँडवर एका जर्जर म्हाताऱ्यानं भीक मागितली, हॉब्सनं सहा पेन्स काढून दिले. शेजारच्या धर्मगुरूनं विचारलं, ख्रिस्ताची आज्ञा नसती तरी दिले असते का? हॉब्स म्हणाला, हो. त्याची दशा बघून मला त्रास होत होता. त्याला थोडं बरं वाटलं, म्हणून मलाही बरं वाटलं.

वर्गातली मुलं हसायची. आज मला हसू येत नाही. ताईनं मला त्या सहा पेन्सांच्या जागी नेऊन बसवलंय.

टिळक हॉब्सला उत्तर द्यायला उपनिषदातल्या याज्ञवल्क्य ऋषीला बोलावतात. नवरा नवऱ्यासाठी प्रिय नसतो, आत्म्यासाठी प्रिय असतो, असं तो आपल्या बायकोला, मैत्रेयीला सांगतो. वरवर पाहता हॉब्सचंच म्हणणं. पण हॉब्सचा 'मी' कातडीपाशी संपतो, याज्ञवल्क्याचा आत्मा सगळ्यांत एकच आहे. वाचताना मला हे नेहमी पटत आलंय. आज पुरलं नाही. आत्मा एक असेल, पण पहाटे तीनला खोकला अण्णांना येतो आणि पाठ चोळायला उठतो मी.

मला आज आधार वाटला तो जोसेफ बटलर या इंग्रज धर्मगुरूचा. १७२६ साली छापलेल्या त्याच्या प्रवचनांत एक साधी गोष्ट आहे. जेवण्यात सुख का आणि दगड गिळण्यात का नाही? कारण भूक अन्नाची आहे, सुखाची नाही. आधी त्या वस्तूची ओढ, मग ती मिळाल्याचं सुख. मला अण्णांना स्वच्छ, कोरडं, बिनखाजेचं बघायचं असतं, म्हणून तसं झाल्यावर बरं वाटतं. मला नुसतं बरंच वाटून घ्यायचं असतं, तर त्यासाठी अण्णा कशाला लागले असते? आणि त्यांची पर्वाच नसती, तर पाठ पुसून बरं तरी का वाटलं असतं? सुख मागून येतं. त्याच्याकडे बोट दाखवून 'हेच तुझं कारण' म्हणणं म्हणजे दिवस कोंबड्यामुळे उजाडतो म्हणण्यासारखं आहे.

इथवर येऊन मला हलकं वाटायला हवं होतं. पण जर्मन तत्त्वज्ञ कांट आडवा आला.

१७८५ सालच्या आपल्या नीतीवरच्या लहानशा पुस्तकात कांट म्हणतो, काही माणसांचा स्वभावच असा असतो की दुसऱ्याला आनंद देण्यात त्यांना आनंद वाटतो. त्यांचं वागणं कितीही योग्य असो, त्याला खरं नैतिक मोल नाही. ते कौतुकाला आणि उत्तेजनाला पात्र आहे, आदराला नाही.

कौतुकाला पात्र, आदराला नाही. ताईच्या आवाजात नेमकं तेच होतं. म्हणूनच लागलं.

जर्मन कवी शिलरनं यावर कांटची चेष्टा केली होती. मित्रांची सेवा मी आनंदानं करतो, म्हणून मी सद्गुणी नाही की काय ही चिंता मला छळते, असं काहीसं. आणि ॲरिस्टॉटल तर सरळ उलट्या टोकाला. चांगलं काम करताना ज्याला आनंद होत नाही तो चांगला माणूसच नव्हे, औदार्यात ज्याला गोडी नाही त्याला उदार कोण म्हणेल, असं तो म्हणतो. मी त्याच्याच बाजूचा. रुग्णाला तर हे आधी कळतं. कपाळाला आठ्या घालून भरवलेला घास अण्णा तोंडात धरून ठेवतात, गिळत नाहीत. नवी बाई ठेवली होती तेव्हा रोज बघितलंय. कर्तव्य तीही पार पाडतच होती.

तरी कांटच्या त्याच पानावरचं पुढचं उदाहरण मी टाळू शकत नाही. त्याच दयाळू माणसावर स्वतःचंच दुःख कोसळतं, मन झाकोळून जातं, दुसऱ्याचं काही म्हणजे काही वाटेनासं होतं. तरीही तो उठतो आणि करायचं ते करतो. मोल तिथे आहे, म्हणतो कांट. गेल्या पावसाळ्यात मी असा होतो. आवड वगैरे काही नव्हती. हात चालत होते, बस. ते दिवस मोलाचे असतील तर असोत. मोल वाढावं म्हणून मला ते परत नको आहेत.

आणि मग, हे लिहिता लिहिता, ताई दिसायला लागली. तिला यातलं काही आवडत नाही. खोलीतला वास तिला सोसत नाही. अण्णांना असं आडवं बघून ती दर वेळी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसते. तरी रात्रभर एसटीत बसून येते, डायपर बदलते, नाचणीची पेज भरवते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत. पुढच्या महिन्यात पुन्हा. कांटचा तराजू घेतला तर आमच्या घरात आदराला पात्र ती आहे. "तुझं बरं आहे" यातला जोर मी दिवसभर 'आवडतं' वर धरला. तो 'तुझं' वर असेल. स्वतःला आवडत नाही, याचंच तिला वाईट वाटत असेल. तसं असेल तर किती दिवसांपासून, आणि कुणाशी बोलणार ती?

असं वाईट वाटून घ्यायचं तिला काही कारण नाही, हे तिला कसं सांगायचं ते मला कळत नाही. फोनवर तर नाहीच. पण ॲरिस्टॉटलचंच म्हणणं असं की गोडी सवयीनं लागते, न्यायाची कामं करत करत माणूस न्यायी होतो. आणि तिच्या वाट्याला आम्ही आजवर दिलं काय? डायपर आणि पेज. अण्णांची दाढी कायम मीच माझ्याकडे ठेवून घेतली. पुढच्या खेपेला ती तिला करू देणार आहे. हात धरून दाखवीन लागला तर, अण्णांची हनुवटी तशी अवघड आहे.