मार ना एकदाचं

रात्री सिनेमा बघताना माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "मार ना एकदाचं!" ताई आतून उठून आली. तिला काय सांगणार.

'द इंटरनॅशनल' लागला होता, 2009 चा, क्लाइव्ह ओवेनचा. दादाला त्यातला गुगनहाइम म्युझियममधला गोळीबार आवडतो. मी अडकले ती शेवटाला. इस्तंबूलच्या छपरांवर इंटरपोलचा सॅलिंजर एका गुन्हेगारी बँकेच्या प्रमुखावर पिस्तूल रोखून उभा आहे आणि तो माणूस त्यालाच सुनावतो की मला मारून काही होणार नाही, माझ्या जागी दुसरे येतील. सॅलिंजरच्याने गोळी झाडवत नाही. मारतो भलताच कोणी. मग नामावलीबरोबर बातम्यांची कात्रणं येतात, बँक चालूच.

दुपारी बँकेत माझ्या काउंटरवर आलेल्या त्या आजी काही डोक्यातून जात नाहीत.

श्रावणबाळ योजनेचे दीड हजार काढायचे होते. सही जुळेना. तीन स्लिपा झाल्या. मी म्हटलं, "आजी, अंगठा लावा, साक्षीदार मी बघते." त्यांनी पदराला बोटं पुसली, पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलं. "रात्रीच्या वर्गात सही शिकलेय मी, बाई. अंगठा न्हाई लावायची." आणि गेल्या, पैसे न घेता.

नियमाने माझं बरोबर होतं. बरोबरच होतं. पण बावीस वर्षं काउंटरवर बसून मी अडवलं कोणाला, तर त्यांना?

सिनेमातल्या बँकेमागे खरी बँक आहे, बीसीसीआय. क्रिकेटवाली नव्हे, बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल. 1972 ला निघालेली. एक कंपनी लक्झेंबर्गला नोंदलेली, दुसरी केमन बेटांवर, कारभार लंडनहून. कितीतरी वर्षं दोन्हींचे ऑडिटर वेगळे, त्यामुळे सगळ्या वह्या एका टेबलावर कोणी उघडल्याच नाहीत. 5 जुलै 1991 ला घोटाळ्यापायी टाळं लागलं, तेव्हा इंग्लंडमधल्या आपल्या उपखंडातल्या कितीतरी दुकानदारांची पुंजी आत अडकली. मुंबईतही शाखा होती तिची. एवढी वर्षं त्या वह्यांवर सह्या होत गेल्या, आणि मी एका 'र'च्या पायावरून आजींना परत पाठवलं.

झोप येईना म्हणून पर्स उघडली. रद्द केलेल्या तिन्ही स्लिपा मी फाडल्या नव्हत्या. दुसरीत हात फार थरथरलाय, तिसरीत घाई आहे, मागची माणसं कुरकुरत होती तेव्हाची. पहिली मात्र आत्ता दिव्याखाली बघते तर जुळतेय. 'र'चा पाय तेवढा जरा लांब गेलाय.

नवीन नमुना सही घेता येते. फॉर्म माझ्याच खणात असतो, साहेबांची सही लागते, पाच मिनिटांचं काम. दुपारी सुचलं नाही. मागे नऊजण उभे होते, आणि मीही थकले होते. झालं ते झालं.

शुक्रवारी बाजार असतो, त्या येतील. त्यांना खुर्ची देऊन आत बसवायचं. पेन जाड निबाचं न्यायला हवं, बाबांच्या कप्प्यात आहे एक.