शंभर मण्यांची माळ

नैनसिंह रावत हे नाव आमच्या मोजणी खात्यातल्या निम्म्या लोकांनी ऐकलेलं नसेल. कुमाऊंतल्या मिलम गावचा हा शाळामास्तर ब्रिटिशांच्या मोजणी खात्यासाठी तिबेट चोरून मोजायला निघाला. व्यापाऱ्याच्या वेषात नेपाळमार्गे तिबेटात शिरला आणि जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोचला. परक्यांना तिथे बंदी. मोजणीची साखळी टाकताना कुणी पाहिलं असतं तर जिवाशीच गाठ होती.

म्हणून डेहराडूनला त्याला आधी चालायला शिकवलं. चढ असो, उतार असो, पाऊल सारखंच पडलं पाहिजे: २००० पावलांचा एक मैल. शंभर पावलं झाली की माळेचा एक मणी ओढायचा. जपमाळेत मणी १०८ असतात, याच्या माळेत १००. म्हणजे माळ पुरी झाली की दहा हजार पावलं, पाच मैल. वाटेत कुणी गप्पा मारायला आलंच, तर जप चालू! आठ मणी कमी आहेत हे मोजत कोण बसतंय?

बांध पावलांनी मोजून आमच्याशी भांडणारे शेतकरी मी रोज बघतो. चढाला पाऊल आखडतं, उताराला लांबतं, आणि नकाशाशी मेळ बसत नाही. आम्ही तर आता रोव्हर (उपग्रहांवरून जागा सांगणारं यंत्र) उभा करतो नि मोकळे होतो. हा गडी तसाच १२०० मैल मोजत गेला.

प्रार्थनाचक्रात मंत्रांऐवजी कोरे कागद आणि होकायंत्र. पाणी किती अंशांना उकळतं यावरून ठिकाणाची उंची. पण मला सगळ्यात भारी वाटतो तो पारा. कवड्यांत भरून नेलेला पारा रात्री लाकडी वाटीत ओतायचा. डोंगरांत क्षितिज दिसत नाही, म्हणून आकाशातला तारा आणि त्याचं पाऱ्यातलं प्रतिबिंब यांच्यामधला कोन सेक्स्टंटने, म्हणजे कोन मोजायच्या यंत्राने, घ्यायचा. त्याच्या निम्मी ती ताऱ्याची उंची, त्यावरून अक्षांश. तेही थंडीत, चोरून.

त्याला १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचं सुवर्णपदक तरी मिळालं. असाच चोरून मोजणीला गेलेला किंथुप बिचारा निरक्षर. त्याच्या सोबतच्या लामाने त्याला गुलाम म्हणून विकलं. त्यातून सुटून त्याने ठरल्याप्रमाणे खुणेचे ५०० ओंडके तिबेटातल्या त्सांगपो नदीत सोडले, ते खाली ब्रह्मपुत्रेत निघतात का, म्हणजे दोन्ही नद्या एकच का, हे पाहण्यासाठी. ओंडके कधी सोडणार हा त्याचा निरोप पोचलाच नव्हता, त्यामुळे खाली पाहायला कुणीच नव्हतं. परतल्यावर लोकांनी त्याच्या सांगण्यावर शंका घेतली. १९१३ मध्ये बेली आणि मोर्सहेड हे ब्रिटिश अधिकारी स्वतः त्या खोऱ्यात जाऊन आले, तेव्हा कुठे ते बव्हंशी खरं ठरलं.