लँडफिलचा परवाना राज्य देतं, मग ईपीए मंजूर काय करतं?

अमेरिकेत शहरी कचऱ्याच्या लँडफिलला, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेला, परवाना देण्याचं काम राज्याचं आहे, ईपीए या केंद्रीय पर्यावरण संस्थेचं नाही. तरी फेडरल रजिस्टर या केंद्र सरकारच्या राजपत्रात अधूनमधून सूचना येते की अमुक राज्याचा लँडफिल परवाना कार्यक्रम ईपीएने मंजूर केला, आणि एखाद्या नव्या लँडफिललाच हिरवा कंदील मिळाला असा अनेकांचा समज होतो. ही मंजुरी कुठल्याही जागेला नसते, राज्याच्या यंत्रणेला असते. तिच्यामुळे केंद्रीय नियमांत जिथे जिथे मोकळीक ठेवली आहे, तिथे ती देण्याचा अधिकार राज्याच्या या यंत्रणेच्या संचालकाकडे येतो.

१९७६ च्या आरसीआरए या केंद्रीय कचराविषयक कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली. राज्यांनी परवाना कार्यक्रम उभारावेत आणि ते पुरेसे आहेत का हे ईपीएने ठरवावं, असं त्यात आलं. लँडफिलचे किमान निकष, म्हणजे केंद्रीय नियमावलीतला भाग २५८, ९ ऑक्टोबर १९९१ ला प्रसिद्ध झाले आणि त्यातले बहुतेक दोन वर्षांनी लागू झाले. हे निकष मालकाला थेट बांधतात. राज्याला मंजुरी नसली तरी ते पाळावेच लागतात, फक्त तेव्हा अक्षरशः पाळावे लागतात.

लायनरचंच बघा, म्हणजे कचऱ्याखालच्या अस्तराचं. ठरलेली रचना अशी: खाली किमान २ फूट दाबलेली माती, जिच्यातून पाणी झिरपण्याचा वेग सेकंदाला एक सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागापेक्षा जास्त नको. त्यावर, मातीला थेट चिकटून, किमान ३० मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) प्लास्टिकचं अस्तर. एचडीपीई हे जाड प्रकारचं प्लास्टिक असेल तर ६० मिल, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर. त्यावर लीचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं दूषित पाणी, गोळा करणारी व्यवस्था, जी लायनरवर ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त लीचेट साचू देणार नाही. मंजूर राज्यात, म्हणजे ज्याच्या कार्यक्रमाला मंजुरी आहे तिथे, संचालक वेगळी रचना मान्य करू शकतो, पण ठरवलेल्या तपासणी बिंदूवर सर्वात वरच्या भूजलात नियमांतल्या तक्त्यात दिलेल्या प्रदूषकांच्या मर्यादा ओलांडल्या जाणार नाहीत हे सिद्ध व्हायला हवं. बेंझीनसाठी ही मर्यादा लिटरला ०.००५ मिलिग्रॅम आहे. हा बिंदू लँडफिलच्या कडेपासून १५० मीटरच्या आत आणि मालकाच्याच जमिनीत असावा लागतो. मोकळीक आहे ती रचनेत. पाण्याच्या मर्यादेत ती नाही, आणि माझ्या मते या सगळ्या नियमावलीतली सर्वात शहाणी गोष्ट हीच आहे. मंजुरी नसलेल्या राज्यात हीच सूट हवी असेल तर राज्याला प्रत्येक रचनेसाठी ईपीएकडे वेगळी विनंती करावी लागते.

असंच इतर बाबींत. रोजचं काम संपताना कचऱ्यावर ६ इंच माती टाकावी लागते. मंजूर राज्य तिच्याऐवजी दुसरं आच्छादन चालवून घेऊ शकतं. भूजलाची तपासणी सहा महिन्यांतून एकदा असते. सक्रिय लँडफिलसाठी मंजूर राज्य ती वर्षातून एकदापर्यंत आणू शकतं, त्याहून विरळ नाही. लँडफिल बंद झाल्यावरची ३० वर्षांची देखभाल कमी किंवा जास्त करता येते. राज्याने नियम आणखी कडक करायचे ठरवले, तर त्याला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

इतकं हाती सोपवायचं तर राज्याकडे काय असायला हवं? हे त्याच नियमावलीतला भाग २३९ सांगतो, जो १९९८ साली आला. नव्या-जुन्या सगळ्या लँडफिलना परवाना लागू हवा आणि परवान्याची कागदपत्रं लोकांना बघायला, त्यावर बोलायला खुली हवीत. राज्याला माहिती मागवण्याचा, नमुने घेण्याचा, आवारात आणि नोंदी ठेवल्या असतील तिथे शिरण्याचा अधिकार हवा, आणि अशी मिळालेली माहिती न्यायालयात पुरावा म्हणून टिकायला हवी. धोका दिसला तर काम तातडीने थांबवता यावं, दिवाणी दंड वसूल करता यावा. शिवाय दिवाणी कारवाईत नागरिकांना बाजू मांडायला वाव हवा. लोक लायनरची जाडी वाचतात आणि हा भाग सोडून देतात. पण निरीक्षकाला फाटकावर अडवता येत असेल, तर लायनर कितीही जाड लिहिला तरी त्याचा उपयोग कागदापुरताच.

अर्जात कार्यक्रमाचं वर्णन, कायदे-नियमांच्या प्रती आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलचं प्रमाणपत्र लागतं. हे प्रमाणपत्र खरा कणा आहे: सांगितलेले अधिकार राज्याच्या कायद्यात आज आहेत, हे त्यात कलमांसकट दाखवावं लागतं. मार्गदर्शक सूचनेत लिहिलेली पण कायद्याने न बांधणारी गोष्ट इथे कमी पडते. अर्ज पूर्ण आहे का हे ईपीएचं विभागीय कार्यालय ३० दिवसांत बघतं, मग प्राथमिक निर्णय प्रसिद्ध करून हरकतींसाठी किमान ३० दिवस देतं. अमुक गावात लँडफिल नको, ही हरकत इथे लागू पडत नाही. ती राज्याच्या परवान्याच्या वेळी घ्यायची. इथे दाखवायचं ते राज्याच्या कायद्यातलं भगदाड.

एकदा मिळालेली मंजुरी पुढच्या प्रत्येक नियमाला आपोआप लागू होत नाही, आणि इथे फार गोंधळ होतो. २००४ साली ईपीएने प्रायोगिक परवाने आणले. त्यात एरवी बंदी असलेले द्रव मोठ्या प्रमाणात कचऱ्यात सोडता येतात किंवा वेगळं अंतिम आच्छादन वापरता येतं. परवाना ३ वर्षांचा, नूतनीकरणासह कमाल १२ वर्षं. २०१६ मध्ये ती मर्यादा २१ झाली. हे परवाने द्यायचे तर राज्याने आधी तशी तरतूद स्वतःच्या नियमांत करून कार्यक्रमातल्या बदलाला वेगळी मंजुरी घ्यावी लागते. म्हणून सूचना वाचताना मंजुरी पूर्ण कार्यक्रमाला आहे की अशा एखाद्या बदलाला, हे आधी बघावं.

आदिवासी राष्ट्रांच्या जमिनीवर तर हा मार्गच बंद आहे. कॅलिफोर्नियातल्या कॅम्पो जमातीच्या कार्यक्रमाला ईपीएने मंजुरी दिली होती. १९९६ मध्ये डीसी सर्किट या केंद्रीय अपील न्यायालयाने ती रद्द केली: या कायद्यात जमातींची गणना राज्यांत नाही, नगरपालिकांत होते. त्यामुळे तिथल्या लँडफिलला लायनर किंवा आच्छादनात मोकळीक हवी असेल, तर ईपीएला त्या एका जागेपुरता स्वतंत्र नियम करावा लागतो.