अडसर

स्टॉकहोमला डिसेंबरात दुपारी तीनलाच दिवेलागण होते. २०२२ मध्ये अशाच अंधारात मी स्वीडिश शिकायला जायचे. शेजारच्या बाकावर एक तुर्की गृहस्थ बसत. इस्तंबूलच्या एका दैनिकात ते उपसंपादक होते. त्यांनी सांगायच्या आधीच मला याचा अंदाज आला होता, कारण पाठ्यपुस्तकातल्या छपाईच्या चुकांनाही ते पेन्सिलीने गोल करायचे. माझे बाबा बार्शीहून जिल्ह्याच्या पेपरला बातम्या पाठवत. एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाकीट द्यायच्या आधी स्टँडवरच्या बाकड्यावर ते मजकुरावर शेवटचा हात फिरवायचे, अगदी तसंच.

१३ डिसेंबरला लुसियाच्या सणाला वर्गात केशराचे गोड पाव आले, फोटो निघाले. शेजारचे तुर्की गृहस्थ तेवढ्यापुरते बाहेर गेले. नंतर हळूच म्हणाले, "आई अजून तिथंच आहे माझी."

त्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी ब्युलेंत केनेश यांचं नाव होतं. 'झमान' या तुर्की दैनिकाच्या इंग्रजी भावंडाचे, 'टुडेज झमान'चे, हे माजी संपादक. २०१५ मध्ये तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांचा अपमान करणारी ट्वीट्स केली म्हणून त्यांना अटक झाली होती. मार्च २०१६ मध्ये पोलिसांनी अश्रुधूर सोडून 'झमान'ची कचेरीच ताब्यात घेतली. पुढे जुलैत लष्करी बंड फसलं, त्याचाही ठपका केनेश यांच्यावर आला. ते निर्वासित म्हणून स्वीडनमध्ये राहिले. मग मे २०२२ मध्ये स्वीडनने नाटो या लष्करी आघाडीत जायचा अर्ज केला आणि आघाडीत आधीपासून असलेल्या तुर्कस्तानच्या होकारावाचून गाडी अडली. ८ नोव्हेंबरला अंकारात, स्वीडनचे पंतप्रधान क्रिस्टरसन शेजारी उभे असताना, एर्दोआन यांनी केनेश यांना दहशतवादी म्हणत, नाव घेऊन त्यांना हवाली करण्याची मागणी केली. तो व्हिडिओ बघताना माझ्या पोटात गोळा आला. लिहिणारा एक माणूस, आणि दोन देशांच्या देण्याघेण्यात त्याची गणती!

डिसेंबरच्या सुरुवातीलाच स्वीडनने एका कुर्द माणसाला तुर्कस्तानात परत पाठवलं होतं आणि तिथं त्याला लगेच अटक झाली. त्याचा आश्रयाचा अर्ज आधीच फेटाळलेला होता, म्हणजे कायद्याने ते प्रत्यार्पण नव्हे. पण या फरकाने आमच्या वर्गात कुणालाच धीर येत नव्हता.

१९ तारखेला केनेश यांच्याबद्दल स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला. इथं मागणी झालेल्या माणसाने नकार दिला की प्रकरण या न्यायालयापुढे जातं, आणि न्यायालयाने अडथळा आहे म्हटलं की सरकारची कितीही इच्छा असली तरी त्याला हवाली करता येत नाही. केनेश यांच्यावरचे काही आरोप स्वीडनमध्ये गुन्हाच ठरत नाहीत, प्रकरण राजकीय आहे, शिवाय ते निर्वासित आहेत, असं न्यायालयाने सांगितलं. नाटोचं घोडं अडलेलं असताना सांगितलं! ते वाचून मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहीत निकालातला शब्द लिहिलेला होता, 'हिंदेर'. पुढे तुर्की अर्थ, 'एंगेल'. "तुमच्या भाषेत?" त्यांनी विचारलं.

मी 'अडसर' लिहिलं. मग आजीच्या वाड्याचं दार काढून दाखवलं: दोन फळ्या, आणि रात्री आतून आडवा सरकवायचा तो जाड लाकडी दांडा. त्यांनी पेन्सिल घेतली आणि तो दांडा आणखी जाड केला.