हातभर सावली

मे २०२३ मध्ये लॉस एंजलिसमध्ये एका सावलीचं उद्घाटन झालं. वेस्टलेक भागातल्या बसथांब्याच्या खांबाला हातभर रुंदीची, भोकाभोकांची, पत्र्याची एक पट्टी उभी टांगली होती. तिचं नाव ‘ला सोंब्रिता’, म्हणजे छोटीशी सावली. दिवसा तिने सावली द्यायची आणि रात्री तिच्यातल्या दिव्याने उजेड. अधिकारी मंडळी माना वर करून तिच्याकडे बघतायत असा फोटो निघाला आणि देशभर त्याची यथेच्छ टिंगल झाली. मीही हसून घेतलं. पण पट्टीवाल्यांची बाजूही ऐकून घेण्यासारखी होती. या शहरात थांब्यावर साधी शेड घालायची तर इतक्या खात्यांचे उंबरे झिजवावे लागतात, की आधीच रोवलेल्या खांबाला काहीतरी अडकवणं तेवढं सोपं उरतं. शेड उभारायचं कामही वर्षानुवर्षं जाहिरातींच्या कंत्राटातून चाललं, त्यामुळे जिथे जाहिरात खपते तिथे छप्पर आधी आलं. आज साधारण चार थांब्यांमागे एकाला छप्पर आहे.

उरलेल्या तीन थांब्यांवर लोक खांबाच्याच सावलीत उभे राहतात. व्हरमाँट अॅव्हेन्यूवर ऑगस्टातल्या दुपारी हे बघावं. सावली चार बोटांची, तिच्यात एकामागे एक माणसं. पुढे टोपी घातलेले कृष्णवर्णीय आजोबा, त्यांच्यामागे दोन चाकांच्या ढकलगाडीत धुण्याची पोतडी घेतलेली मेक्सिकन बाई, मग इस्पितळाच्या गणवेशातली एक मुलगी, मग मी. सावली सरकली की रांगही न बोलता सरकते. शहरात ताडाची झाडं ढीगभर आहेत, पण त्यांची सावली पडते ती पलीकडच्या दुकानाच्या छपरावर.

मी गाडी चालवत नाही. येते, पण सहा पदरी फ्रीवेवर जीव मुठीत धरून पाऊण तास बसण्यापेक्षा मला बसची खिडकी बरी वाटते. आमच्या मराठी मंडळींना हे पटत नाही. “अगं, बसने? आणि तिकडून?” असं विचारतात. ‘तिकडून’ म्हणजे साऊथ सेंट्रल, वॉट्स, कॉम्प्टन, दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीयांच्या आणि लॅटिनोंच्या, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्यांच्या, वस्त्या. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हा भाग फक्त फ्रीवेच्या कठड्यावरून पाहिलेला असतो. काळजी खरी असते, नाही असं नाही. पण तिच्यात रंगाचा वास असतो आणि तो आपला आपल्याला येत नाही.

गंमत अशी, की थांब्यावर मला लॅटिनो आणि कृष्णवर्णीय, दोन्ही बाजू आपल्यात ओढतात. रंग बघून बायका माझ्याशी थेट स्पॅनिशमध्ये सुरू करतात. मी मान हलवली तरी थांबत नाहीत. विषय बसचा असतो, तो कळायला भाषा लागत नाही. आजोबा मला ‘यंग लेडी’ म्हणतात. ते आता जगात तेवढेच म्हणू शकतात, म्हणून मी त्यांना जागा धरते.

मेथी-पोह्यांसाठी मला आर्टेशियाला जावं लागतं. तिथल्या पायोनियर बुलेव्हार्डवर आपल्या दुकानांची रांग आहे. गाडीने गेलं तर फार लांब नाही. मी डाउनटाउनहून ए लाइन ही रेल्वे घेते. तिचं एक स्टेशन पिको. पिओ पिको हा मेक्सिकोच्या अमलातला कॅलिफोर्नियाचा शेवटचा गव्हर्नर, आणि त्याच्या अंगात आफ्रिकी रक्त होतं. १७८१ मध्ये हे गाव वसवायला मेक्सिकोतून जी ४४ माणसं आली, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांचे पूर्वज आफ्रिकी होते. आज इथे जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत ‘ब्लॅक’ आणि ‘लॅटिनो’ असे दोन वेगळे ढीग करून मोजतात. त्या ४४ जणांना कुठल्या ढिगात बसवलं असतं कुणास ठाऊक.

पिको मागे पडलं की गाडी दक्षिणेला वळते. व्हर्नन, स्लॉसन, फ्लॉरेन्स, फायरस्टोन. पूर्वी याच वाटेने पॅसिफिक इलेक्ट्रिकच्या लाल गाड्या लाँग बीचला जायच्या. त्यातली शेवटची १९६१ मध्ये बंद झाली. १९६५ च्या ऑगस्टमध्ये वॉट्स दंगलीत पेटलं, सहा दिवसांत ३४ माणसं गेली. नंतर चौकशीला बसलेल्या मॅकोन आयोगाने कारणांच्या यादीत इथली अपुरी, महागडी बससेवाही घातली. काम मिळालं तरी कामावर पोचायचं कसं, हा प्रश्न तेव्हाही होता. १०३ व्या रस्त्यावरची दुकानंच्या दुकानं जळाली. १९०४ सालचं लाकडी स्टेशन मात्र वाचलं. ते अजून उभं आहे, गाडीतून दिसतं. पुन्हा रेल्वे यायला १९९० साल उजाडलं.

पुढचं स्टेशन विलोब्रुक. त्याला जोडून नाव आहे रोझा पार्क्सचं. बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी सीटवरून उठायला नकार देणाऱ्या कृष्णवर्णीय बाईचं नाव जिथे आहे, तिथेच मला उठून गाडी बदलावी लागते.

रुळांच्या पूर्वेला अलामेडा स्ट्रीट आहे. एके काळी ती भिंतच होती. अलीकडे कृष्णवर्णीयांचं वॉट्स आणि पलीकडे गोऱ्या कामगारांचं साऊथ गेट, आणि इकडच्याने तिकडे घर घ्यायची सोय नव्हती. कारखाने बंद पडले तसे गोरे गेले. मग कृष्णवर्णीयांतले ज्यांना परवडलं तेही गेले, काही इंगलवूडला, काही पार वाळवंटाच्या काठाला लँकेस्टर-पामडेलकडे. त्यांच्या जागी मेक्सिको, ग्वातेमाला, एल साल्वादोरमधून आलेली कुटुंबं राहायला आली. आता अलामेडाच्या दोन्ही अंगांना लॅटिनोच जास्त आहेत. १९८० मध्ये शहरात १७ टक्के कृष्णवर्णीय होते. आता ९ च्या आसपास. लॅटिनो निम्म्याला टेकलेत.

या आकड्यांतच सगळी कुरबुर आहे. जुन्या रहिवाशांना वाटतं, आम्ही मार खाल्ला, हक्क मिळवले, आणि आता आमच्याच गल्लीत आम्ही पाहुणे. नव्यांना वाटतं, माणसं आमची निम्मी आणि खुर्च्या मोजक्याच. दोघांचंही खरं आहे, म्हणून तर भांडण मिटत नाही. शहर परिषदेच्या १५ जागांपैकी दक्षिणेकडच्या तीन परंपरेने कृष्णवर्णीयांकडे आहेत, आणि मतदारसंघांच्या रेषा आखायची वेळ आली की त्या तीन जागांभोवती सगळ्यांचे डोळे फिरतात.

पण बसने जाणाऱ्यांचं या शहरात एक निराळं राजकारणही होऊन गेलं, आणि त्याबद्दल इथल्याच लोकांना फारसं ठाऊक नसतं. १९९४ मध्ये इथल्या वाहतूक प्राधिकरणाने बसचं भाडं १.१० डॉलरवरून १.३५ करायचं आणि ४२ डॉलरचा मासिक पास बंद करायचा ठराव केला. त्याच सुमारास पॅसाडेनाच्या रेल्वेसाठी १२३ दशलक्ष डॉलर काढले. बस रायडर्स युनियन नावाची प्रवाशांचीच संघटना कोर्टात गेली. वकील होते कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीच्या लीगल डिफेन्स फंडाचे, आणि ज्यांच्यासाठी खटला लढला त्यांत घरकामाला जाणाऱ्या लॅटिनो बाया मोठ्या संख्येने होत्या. मुद्दा साधा होता: बहुतेक प्रवासी बसचे, गरीब, काळे-सावळे, पैसा मात्र रुळांवर, जिकडे उपनगरी मंडळी बसतील. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यावर हा दावा उभा होता. १९९६ मध्ये तडजोड झाली. ४२ डॉलरचा पास परत आला, ११ डॉलरचा आठवड्याचा पास नव्याने मिळाला, आणि उभ्याने जाणाऱ्यांची संख्या टप्प्याटप्प्याने कमी करायची असं प्राधिकरणाने दहा वर्षांसाठी लिहून दिलं. गर्दी हटेना तेव्हा १९९८ मध्ये प्रवाशांनी ‘सीट नाही तर भाडं नाही’ अशी मोहीम काढली. युनियनच्या सभांत इंग्रजी, स्पॅनिश आणि कोरियन चालायचं. कानाला यंत्र लावून लोक एकमेकांचं ऐकायचे. २००६ मध्ये दहा वर्षं संपली, कोर्टाने मुदत वाढवली नाही. मला या प्रकरणात मौज वाटते ती त्या मागणीची. समता, न्याय हे शब्द होतेच, पण आकडा होता तो बसमध्ये किती माणसं उभी राहणार याचा.

याचा अर्थ बसमध्ये प्रेमाचे पाट वाहतात असा नाही. व्हीलचेअर चढली की बघा. पुढच्या बाजूची बाकडी उचलून जागा करावी लागते, आणि त्याच जागेत नेमकी कुणाची तरी बाबागाडी असते. परवाची गोष्ट. चालकबाई कृष्णवर्णीय, लांब रंगीत नखांच्या, खुर्चीतले गृहस्थही त्यांच्याच पिढीचे. बाबागाडीवाली तरुण आई, कडेवर एक, गाडीत एक, हाताला दुधाची पिशवी. बाईंनी माईकवर सांगितलं, गाडी घडी करा. आईला कळलं नाही, किंवा कळून करायचं कसं ते कळेना. गृहस्थ पुटपुटले, “सारखं हेच, या लोकांना वाटतं बस यांच्याच मालकीची.” आईने त्यावर स्पॅनिशमध्ये तीन-चार वाक्यं सुनावली. मधे दप्तर मांडीवर घेऊन बसलेला बारा-तेरा वर्षांचा मुलगा होता. गृहस्थांनी त्याला विचारलं, काय म्हणते ती? तो म्हणाला, “सॉरी म्हणतेय.” मग आईकडे वळून त्याने तितकंच छोटं काहीतरी सांगितलं. दोघंही एकमेकांकडे संशयाने बघत राहिली. तोवर मागच्या बाकावरच्या दोघीतिघी सरकल्या, दादर-ठाणे लोकलमध्ये चौथी सीट करतात तशी, आणि गाडीतलं पोर तिथल्या एका कृष्णवर्णीय बाईच्या मांडीवर आलं. तिने त्याच्या नाकाला बोट लावलं. चालकबाईंनी खुर्चीचे पट्टे आवळले, खाली वाकल्यामुळे आलेला घाम पुसला आणि बस सोडली. कुणी कुणाचे आभार मानले नाहीत.

आता याच्या शेजारी वरच्या मजल्यावरचं ठेवते. ७ ऑक्टोबर २०२२ ला क्रेनशॉ भागातून जाणारी के लाइन ही रेल्वे सुरू झाली. क्रेनशॉ म्हणजे शहरातल्या कृष्णवर्णीयांचा उरलासुरला बालेकिल्ला. रेल्वे हवी म्हणून तिथले लोक वर्षानुवर्षं मागे लागले. मूळ आराखड्यात लायमर्ट पार्कचं स्टेशन नक्की नव्हतं, ते भांडून मिळवलं. पार्क मेसा हाइट्समध्ये गाडी रस्त्यावरून नको, भुयारातून न्या म्हणून भांडले, ते नाही मिळालं. रस्ता खणलेला असताना कित्येक दुकानांचं गिऱ्हाईक तुटलं. तरी गाडी आली. आणि दोनच दिवसांनी, ९ तारखेला, एक ध्वनिमुद्रण बाहेर आलं. शहर परिषदेच्या अध्यक्ष नूरी मार्टिनेझ, आणखी दोन लॅटिनो सदस्य आणि कामगार महासंघाचे प्रमुख वर्षभरापूर्वी बंद दाराआड मतदारसंघांच्या रेषांवर बोलत होते. कोणता भाग कुणाकडे जावा, कृष्णवर्णीयांच्या जागांचं काय करावं. बोलता बोलता मार्टिनेझबाईंनी एका गोऱ्या सहकाऱ्याच्या लहानग्या कृष्णवर्णीय मुलाला माकडाची उपमा दिली. ओआहाकाहून आलेल्या, म्हणजे आपल्याच मेक्सिकन माणसांच्या रंगाउंचीवरही तोंडसुख घेतलं. तीन दिवसांत त्यांना सदस्यत्वही सोडावं लागलं.

त्या आठवड्यात थांब्यावर मी कान देऊन होते. मला वाटलं, आता काहीतरी होणार. आजोबा वर्तमानपत्राच्या पेटीकडे बोट दाखवून एवढंच म्हणाले, “यांच्यातलं कुणी बसने जातं का?” धुणंवालीला त्यांनी ते खुणेने विचारलं असावं, कारण तिने हाताने नाही-नाही केलं आणि पुढे बराच वेळ काहीतरी बोलली, त्यातलं ‘ओआहाका’ मला कळलं. ती तिथलीच निघाली.

२०२५ च्या जूनमध्ये शहरात इमिग्रेशनचे छापे सुरू झाले. पॅसाडेनात तर बसथांब्यावर उभी असलेली माणसंच उचलली. बसमध्ये जागा मिळायला लागली, आणि ती मिळाल्याचा आनंद कुणाला होईना. धुणंवाली दिसेनाशी झाली. आजोबा रोज मला विचारायचे, “तुझी मैत्रीण कुठे?” मला तिचं नावही माहीत नव्हतं, त्यांनाही नव्हतं. सप्टेंबरात ती आली, पोतडी तीच. मधल्या काळात कुणा नातलगाच्या ट्रकमधून जात होती म्हणे. आजोबांनी तिला इंग्रजीत असं झापलं की बघणाऱ्याला वाटावं बाप लेकीला ओरडतोय. ती हसत होती, आणि पोतडीच्या तळातून काढून तिने आम्हाला कागदात गुंडाळलेला एकेक तमाल, म्हणजे मक्याच्या पिठाचा सारण भरून वाफवलेला पदार्थ, दिला. साबणाचा वास त्याला होता, पण चवीला उत्तम.

आता २०२८ चं ऑलिंपिक येतंय. महापौर कॅरन बास २०२४ मध्ये पॅरिसला गेल्या होत्या, तिथे त्यांनी सांगितलं की आमचे खेळ मोटारगाडीविना होतील. देशभरातून ३,००० वर बस उसन्या आणू. मी हे थांब्यावर सांगितलं. आजोबांनी घड्याळ बघितलं, रस्त्याच्या टोकाकडे बघितलं आणि म्हणाले, “मग इतकी वर्षं त्या कुठे उभ्या होत्या?”

धुणंवालीला काय चाललंय ते हवं होतं. मी दोन्ही हात पसरून सांगितलं, बस, खूप, खूप सगळ्या. तिने भुवया वर केल्या आणि एवढंच विचारलं, “कुआंदो?”

म्हणजे कधी. थांब्यावर उभं राहून राहून तेवढं स्पॅनिश मलाही येतं.